मीठ, चवीपुरतं

सोमवार, ५ जानेवारी

ही वही मला डॉक्टरांमुळे मिळाली. सावद्याचे डॉक्टर म्हणाले, "आजी, गोळ्या चालू आहेत तरी तुमचं बीपी खाली यायला तयार नाही. रोज काय खाता ते लिहून ठेवा आणि महिन्याने मला दाखवा." मी म्हटलं, चौथी शिकलेली बाई मी, काय लिहिणार. ते म्हणाले, जमेल तसं लिहा, मला काही तुमची परीक्षा घ्यायची नाही.

घरी आले तर मोहिनीने, म्हणजे माझ्या सुनेने, केळीच्या व्यापाऱ्याने वाटलेली नव्या वर्षाची डायरी काढून दिली. जाड, लाल, वर सोनेरी अक्षरं. अशा वहीत नुसती भाकरी-भाजी लिहायची म्हणजे पैठणी नेसून शेण काढण्यासारखं. म्हणून डॉक्टरांसाठी दिपूची जुनी शाळेची वही घेतली आणि ही माझ्याकडे ठेवली. दिपू म्हणजे दिपमाला, माझी नात. धुळ्याला देवपुरात कॉलेजात शिकते आणि तिथेच मुलींच्या वसतिगृहात राहते. तिच्याबद्दल लिहायला बसले तर वही पुरायची नाही.

डॉक्टरांच्या वहीत आज लिहिलं : भाकरी एक, वरण, भाजी. इथे खरं लिहिते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दीड, ठेचा, ठेच्यावर वरून थोडं मीठ (मोहिनीचा ठेचा हल्ली अळणी असतो), तळलेला पापड एक, लोणच्याची फोड एक. फोड लहान होती. तशा दोन होत्या.

बाकी दिवस छान गेला. आम्ही पाच जणी मिळून केळीचे वेफर करतो, ते आज करायचे होते. नीलेश, माझा मुलगा, मळ्यातून हिरव्या केळीचे घड आणून टाकतो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठी कढई आहे. किसणी थेट कढईवर धरून केळं कापायचं, चकत्या तेलातच पडतात. अर्धवट तळल्या की मिठाच्या पाण्याचा हबका त्या उकळत्या तेलात मारायचा. नवख्या बाईच्या अंगावर तेल उडतं, माझ्या उडत नाही. ते काम माझं. गावात लग्नाचं वरण असो की मळ्यातलं भरीत, मीठ टाकायला पन्नास वर्षं मलाच बोलावतात. "अक्काचा हात" म्हणतात. मी मोजत नाही, तेलाचा आवाज ऐकते.

मोहिनी माझ्या मिठाच्या पातेल्यात मधूनच तांब्याभर पाणी ओतते. म्हणते, "आई, आचेनं आटतं ना." पोर फार काळजीवाहू आहे.

बुधवार, ७ जानेवारी

दिपूचा फोन आला आणि मला दुपारची झोप लागली नाही, इतका आनंद. तिच्या वसतिगृहाच्या कमलबाई आहेत ना, ज्या मुलींच्या जेवणाखाणाचं बघतात, त्यांनी दिपूच्या डब्यातले आपले वेफर खाल्ले. आता म्हणतात, पोरी रोज दुकानातली पाकिटं आणून खातात, त्यापेक्षा तुझ्या आजीचे वेफर आठवड्याला मागवू. दीडशे मुली आहेत. आमच्या पाच जणींनी गावाबाहेर कधी पाकीट विकलेलं नाही. मी आमच्या पाच जणींतल्या प्रमिलाला हाक मारून सांगितलं तर ती केळीच्या साली टाकत होती, तशीच हातात साली घेऊन आली.

"खरं सांगतं का व? धुयाच्या पोरी आपलं केयं खातीन?"

"खातीन नही, खाल्लं."

प्रमिलाबाई माझ्याच वयाची, धुळ्याला धुयं आणि केळ्याला केयं म्हणणारी. आम्ही एकाच वर्षी या गावात नांदायला आलो, त्यामुळे ती माझ्याशी काहीही बोलते.

एक अट आहे मात्र. पाकिटावर चिठ्ठी पाहिजे, तिच्यावर मीठ, तेल, साखर किती ते लिहिलेलं पाहिजे. वसतिगृहाने स्वतःचा नियम केलाय. शंभर ग्रॅम खाण्यात दीड ग्रॅमच्या वर मीठ असेल तर ते आत यायचं नाही, मग ते कोणाचंही असो. दिपू म्हणते, पाकिटातल्या खाण्याला सरकारनेच अशी वरची कड, म्हणजे मर्यादा, घालावी का, यावर सगळीकडे वाद चाललाय, आमच्या कमलबाईंनी वाट न बघता घालून टाकली. मी म्हटलं, बरं केलं, त्या कंपनीवाल्यांना धडा मिळेल. किती खारट असतात ते.

आज लोणचं एकच फोड.

शुक्रवार, ९ जानेवारी

मोहिनी तीन-चार दिवस माहेरी फैजपूरला गेलीय. त्यामुळे नमुन्याचे वेफर सगळे मीच केले आणि अगदी मनासारखे झाले. पातेल्यात कोणी पाणी ओतलं नाही तरी काही आटलं नाही.

ती जाताना चिठ्ठीचा कागद ठेवून गेली होती. म्हणाली, "आई, यात रिकाम्या जागा आहेत, मी आल्यावर भरू." मी म्हटलं, तिला कशाला त्रास, मीठ टाकणारी मी आणि भरणारी ती, हे काही बरोबर नाही. चष्मा लावून बसले. मीठ, पुढे रेघ. मी खूप विचार केला आणि जे खरं आहे ते लिहिलं. चवीपुरतं. तेल : तळायला लागेल तेवढं. साखर : कधीच नाही. किती दिवस टिकते : दिपूचे आजोबा घरी नसतील तर दोन महिने.

अक्षर बरं आलं. नीलेश सावद्याला जातच होता, त्याच्या हाती कागद छापखान्यात पाठवून दिला.

सोमवार, १२ जानेवारी

चिठ्ठ्या आल्या. पाचशे. पिवळ्या कागदावर हिरवी अक्षरं, कडेला केळीचं पान. शनिवारी आल्या आल्या आम्ही चौघींनी दोन डझन नमुन्याच्या पाकिटांवर त्या चिकटवल्या आणि नीलेशने खोकं धुळ्याच्या गाडीत टाकलं. आज मोहिनी माहेरून आली आणि चिठ्ठी वाचून मटकन खाली बसली. मला वाटलं रडते. जवळ गेले तर हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला.

"आई, हे छापलं कसं त्यानं?"

तिने छापखान्याच्या नथ्थूला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, लोक लग्नपत्रिकेत काय काय लिहून आणतात, मी कधी कोणाचं बदललं नाही."

"पण टिकण्याच्या जागी माझ्या सासऱ्यांचं नाव?"

"नाव नाहीये, आजोबा लिहिलंय."

हे बाहेरून ऐकत होते. म्हणाले, "मह्या नावानं बदनामी धुयापर्यंत गेली. अजून काय बाकी रायलं?" आणि वेफरच्या डब्यात हात घातला.

मला कळेना यात चुकलं काय. आजवर एवढ्या पाककृती टीव्हीवर ऐकल्या, प्रत्येक बाई शेवटी चवीपुरतं मीठच म्हणते. एकीनेही ग्रॅम सांगितलं नाही.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी कमलबाईंचा फोन. त्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलतात. आमच्या बोलीपेक्षा वेगळी, पण ऐकायला गोड.

"माय वं, चवपुरतं म्हंजे कोनी चवपुरतं? आठे दीडशे पोरी शेतस, बठ्ठीसनी जीभ येगळी शे."

म्हणजे विचारत होत्या, कोणाच्या चवीपुरतं, इथे दीडशे मुली आहेत आणि सगळ्यांच्या जिभा वेगळ्या. मी म्हटलं, "चांगल्या माणसाच्या चवीपुरतं." त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या की चिठ्ठी त्यांना इतकी आवडली की ऑफिसात भिंतीवर लावलीय, पण आकडा लागेलच. दिपूच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीठ मोजता येतं, ती मोजेल आणि सोबत कंपनीचं एक पाकीटही मोजेल. मी म्हटलं, जरूर मोजा. मनात म्हटलं, आता कंपनीवाल्याचं नाक कापलं जाणार.

दुपारी तिळगूळ द्यायला प्रमिला आली आणि ह्यांच्याशी वाद जुंपला. हे म्हणाले, सरकारला काय कामं कमी आहेत का, आता कढईत बी डोकावणार, उद्या तिळगुळात गूळ किती तेही सांगणार.

"सांगू दे ना रतिलालभाऊ. तुमी आत्तापर्यंत सहा लाडू खाल्ले, मी मोजू रायली."

"मह्या पोटाचा मी मालक."

"अन् दवाखान्यात नेणारा नीलेश."

मी ह्यांच्या बाजूने होते. म्हणजे कंपनीला कड घालावी, ती घालायलाच पाहिजे, लहान लेकरांना ती चटक लागते. आमच्या गावातली पोरं पाच रुपयाचं पाकीट फाडतात, संपल्यावर पाकीट चाटतात. पण घरच्या कढईला कशाला? घरची बाई काय लेकरांना जास्त मीठ घालेल?

सोमवार, १९ जानेवारी

दिपूचा आकडा आला नाही. फोन केला तर म्हणते, "आजी, यंत्र जरा बिघडलंय." शुक्रवारी म्हणाली होती सर रजेवर आहेत. सरकारी कॉलेजं अशीच. मी म्हटलं घाई नाही, पण कंपनीचा आकडा तरी सांग. ती म्हणाली तोही नंतर एकदमच सांगते. मग तिने माझ्या बीपीचं विचारलं, गोळ्या घेते का विचारलं, जेवण काय केलं विचारलं. किती माया करते पोर.

आज डॉक्टरांच्या वहीत : खिचडी. इथे : खिचडी, पापड दोन, दाण्याची चटणी, लोणचं.

रविवार, २५ जानेवारी

आज फार मोठा दिवस, सगळं नीट लिहिते.

दिपू शनिवारीच आली. दुपारी मळ्यात भरीत केलं. नीलेशने तुराट्यांवर वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत कुटली, आम्ही बायकांनी पुऱ्या लाटल्या. प्रमिलाच्या घरचेही आले होते. मीठ टाकायची वेळ आली तेव्हा नेहमीप्रमाणे मला हाक मारली. मी टाकलं. पहिला घास घेतल्यावर सगळे एकदम पाणी प्यायला लागले. मी म्हटलं, मिरची तिखट निघाली वाटतं यंदाची. प्रमिला म्हणाली, "हो व, मिरचीच."

जेवणं झाल्यावर दिपू मला केळीच्या सरीत घेऊन गेली. हातात कागद होता.

"आजी, आकडा आलाय. मागच्या आठवड्यातच आला होता."

"मग यंत्र?"

"यंत्र ठीक आहे."

कंपनीच्या पाकिटात शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. वसतिगृहाची हद्द दीड. आणि माझे तीन ग्रॅम. तीन.

मी म्हटलं, कागद उलटा वाचला असशील. ती म्हणाली, "तीनदा केलं आजी. पहिल्यांदा वाटलं माझं चुकलं, म्हणून परत केलं, मग सरांकडून करून घेतलं." पोरीचे डोळे भरले होते. तिला वाटत होतं आजीला किती लागेल. मला आधी तिचंच वाईट वाटलं. आठवडाभर तीन ग्रॅम घेऊन एकटी बसली असेल.

घरी आल्यावर तिने तीन वाट्या मांडल्या. एकाच घडातल्या केळ्यांचे वेफर, मीठ तीन तऱ्हेचं, वर नावं नाहीत. आम्ही पाचही जणींनी डोळे मिटून खाल्ले. चौघींनी मधली वाटी बरोबर म्हणून दाखवली. मी तिसरी दाखवली. तिसरीच बेताची होती. मधली तर अगदी फिकी. प्रमिला तिसरीतला वेफर तोंडातून काढून म्हणाली, "मिठाची खाण हाये व ही."

चौघींच्या जिभांना एकाच वेळी काय झालं कोण जाणे. थंडीचे दिवस आहेत, पडसं असेल.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले नाही. दिपू सकाळच्या गाडीने गेली.

जेवले : भाकरी, भाजी. दोन्ही वह्यांत आज तेच.

बुधवार, २८ जानेवारी

आज मोहिनीला धरलंच. शेडमध्ये ती एकटी होती. मी म्हटलं, "खरं सांग, तू पातेल्यात पाणी कधीपासून ओततेस?"

तिने झाऱ्या खाली ठेवला.

"दिवाळीच्या आधीपासून, आई."

"आणि ठेचा?"

"ठेचा अळणी नसतो. आपल्या घरात सगळे तोच खातात."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

ती म्हणाली, "गावात पन्नास वर्षं तुमचा हात चालतो. मी कोण तुम्हाला सांगणारी? एकदा ह्यांना सांगून बघितलं तर हे म्हणाले, तूच सांग. बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, मला मरायचं नाही."

मला हसू आलं. वाईटही वाटत होतं, पण ह्यांचा चेहरा डोळ्यापुढे आला आणि हसूच आलं. मग आम्ही दोघी बराच वेळ हसत बसलो आणि कढईतली एक घाणी करपली.

नंतर विचार केला. माझी जीभ काही एका दिवसात अशी झाली नसेल. आज चिमूट, उद्या दीड चिमूट. जिभेला सवय लागली की ती आणखी मागते, आणि मागताना वाटतं हेच बेताचं. कंपनीच्या पाकिटाचंही असंच होत असेल काय? पण त्यांच्याकडे तर काटे आहेत, यंत्रं आहेत. त्यांना आकडा माहीत असतो. मला माहीत नव्हता. एवढाच फरक, आणि लेकराच्या पोटात गेल्यावर तो फरक राहत नाही.

डॉक्टरांची वही काढली आणि मागची सगळी पानं खरी करून लिहिली. एक तास लागला. पापडांची बेरीज केली नाही, धीर झाला नाही. आजपासून वरून मीठ बंद. लोणच्याची बरणी मोहिनीने उंच फळीवर ठेवली, मी तिला स्टूल धरलं.

रविवार, १ फेब्रुवारी

चार दिवस झाले. जेवण म्हणजे ओला पुठ्ठा. हे माझ्यासमोर मुद्दाम मचमच करून जेवतात.

दिपूचा फोन : पुढच्या रविवारी वसतिगृहात मुलींची आणि पालकांची सभा आहे. विषय हाच, पाकिटातल्या खाण्यातल्या मीठ-साखर-तेलाला सरकारने कड घालावी का. त्याच दिवशी वेफर कोणाचे घ्यायचे हेही ठरणार. कमलबाईंनी मला बोलावलंय. मी म्हटलं, मी तीन ग्रॅमवाली काय बोलणार. दिपू म्हणाली, "कोणाला आकडा माहीत नाही आजी. फक्त मला, सरांना आणि कमलबाईंना. नुसती नवे वेफर घेऊन ये, दीडच्या आतले. जुन्याचं काढायची गरज नाही."

प्रमिलाही म्हणाली काढू नको. आमच्या पाच जणींचं पहिलं बाहेरगावचं काम आहे, ते माझ्या तोंडाने जायला नको. मलाही पटलं. आणि गावात कळलं तर लग्नात मीठ टाकायला कोण बोलावणार.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काल धुळ्याला जाऊन आले. दमले आहे पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी, मोहिनी आणि प्रमिला. सावद्याहून भुसावळ, मग जळगाव, मग पारोळ्यावरून धुळे, अर्ध्या तिकिटात. प्रमिला खिडकीशी बसली आणि पारोळ्यापर्यंत प्रत्येक शेतातल्या कापसाला नावं ठेवत आली. देवपुरात उतरलो तर दिपू फाटकाशी उभी. कमलबाई माझ्यापेक्षा वयाने लहान, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. मला ऑफिसात नेऊन भिंतीवरची पिवळी चिठ्ठी दाखवली. मला वाटलं जमिनीत शिरावं. त्या म्हणाल्या, "आई, आमना लेखापरीक्षकनी बी वाची. त्याले टिकानं कलम भारी वाटनं." टिकण्याच्या ओळीचं हे कौतुक ह्यांना सांगितलं तेव्हा हे आज दिवसभर कॉलर ताठ करून फिरले.

सभेत शंभरेक माणसं. एक मुलगी उठून फार छान बोलली की आम्ही मतदान करतो, आमचं आम्हाला कळतं, सरकारने आमच्या ताटात बोट घालू नये. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग शिरपूरकडचे एक पालक उठले, अभिमन नावाचे, त्यांचं गावात दुकान आहे. म्हणाले, "मना दुकानवर पोऱ्या येस, पाकीट मांगस. मी नही दिधं ते बाजूवाला देस. मी एकला काय करू? बठ्ठासले एकच नियम ऱ्हायना ते मी बी सुटसू." म्हणजे त्यांनी एकट्याने चांगलं वागायचं ठरवलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं, सगळ्यांना नियम असला तर तेही सुटतात. मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. प्रमिला म्हणाली, "एका बाजूनं वाजव व."

मग मला बोलावलं. हातात नव्या वेफरची पाकिटं होती, दीडच्या आतली. बोलायचं पाठ करून आले होते, नमस्कार, आम्ही पाच महिला, घरगुती, शुद्ध. "शुद्ध" म्हणाले आणि पाठ केलेलं तिथेच सोडलं. समोर सगळ्या दिपूच्या वयाच्या पोरी.

काय बोलले ते पूर्ण आठवत नाही, दिपूने मोबाइलात धरलंय, त्यावरून लिहिते.

"माझे वेफर तुमच्या कॉलेजात मोजले. तीन ग्रॅम मीठ निघालं. ज्या कंपनीला मी शिव्या देते तिचे दोन निघाले. मी तीन घालत होते आणि मला वाटत होतं बेताचं आहे. कोणाला फसवायचं नव्हतं. माझी जीभच मला खोटं सांगत होती आणि घरचे मानापोटी गप्प होते. सुनेने चोरून पाणी ओतलं म्हणून गावातले लोक वाचले. आता प्रत्येक पाकिटाला अशी सून कुठून आणायची? म्हणून मला वाटतं, वरची कड सरकारने घालावी. सगळ्यांना घालावी, मलाही. त्या कडेच्या आत कोणी किती चविष्ट करायचं ते ज्याचं त्याने बघावं. पण एक आहे, मोजायला आमच्यासारखीला यंत्र परवडत नाही. कड घालणाऱ्याने मोजायची सोय पण तालुक्याला करून द्यावी, नाहीतर कंपनी कागद दाखवून सुटेल आणि आमची कढई बंद पडेल."

मग मी खाली बसले. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मला वाटलं, गेलं काम. प्रमिला पुढे बघत बसलेली. ती पहिली मुलगी, बोट घालू नये म्हणणारी, उठली आणि म्हणाली, "आजी, पण कड किती ते ठरवताना कंपनीवाले सरकारच्या शेजारी बसले तर?" मी म्हटलं, "तर तू त्यांच्या मध्ये जाऊन बस. तुला बोलता छान येतं." तेव्हा सगळे हसले आणि टाळ्या पडल्या.

सभेत कड घालावी असं म्हणणारे जास्त निघाले, पण फार जास्त नाही. ती मुलगी शेवटपर्यंत आपल्या बाजूलाच राहिली. तिने आमची दोन पाकिटं मात्र घेतली.

कमलबाई नंतर म्हणाल्या, तीन महिने वेफर तुमचेच, दर खेपेला दिपू मोजेल, एकदा जरी वर गेलं तर बंद. "जी बाई आपला आकडा चारचौघात सांगस, तिनावर मना भरोसा शे."

परतीच्या गाडीत प्रमिलाने एरंडोलपर्यंत एकाही शेतातल्या कापसाला नाव ठेवलं नाही. मग म्हणाली, "तू न सांगतं तरी चाललं असतं."

"हो."

"मी नसतं सांगितलं."

"मले माहीत हाये."

मग तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भुसावळपर्यंत घोरली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज पहिली खेप. सकाळपासून शेडमध्ये जत्रा. मोहिनीने नवा काटा आणलाय, छोटा, आकडे लाल चमकतात. मीठ तिने मोजलं, पाणी मोजलं, विरघळवलं आणि मला पातेलं आणून दिलं. मी म्हटलं, मोजलंस तू, टाक पण तूच. तिने हबका मारला आणि सगळं एकाच जागी पडलं, अर्ध्या चकत्या कोरड्या, वर तेल उडून प्रमिलाच्या पायावर. प्रमिलाने शिवी दिली ती लिहीत नाही. मग मोहिनी म्हणाली, "आई, मोजायचं माझ्याकडे, पसरायचं तुमच्याकडे. हे मला जन्मात येणार नाही." मी पदर खोचला.

गावात बातमी पोहोचलीच होती. रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या बाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, "काय व अक्का, सरकारनं तुह्या हाताले काटा लावला म्हणतात." मी म्हटलं, सरकारनं नाही, नातीनं. आणि त्यांना गरम वेफर दिले. त्यांनी खाल्ले आणि पुढच्या महिन्यात नातवाचं लग्न आहे, वरणाच्या वेळी ये, काटा घेऊन ये, म्हणाल्या.

पहिली घाणी निथळली तेव्हा चौघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी एक वेफर घेतला. माझ्या जिभेला तो फिकाच लागला. मी चौघींना विचारलं, कसं आहे. चौघी म्हणाल्या, बरोबर. काटाही बरोबर म्हणत होता. मग मीही म्हटलं, बरोबर आहे, भरा.

त्या भरायला लागल्या आणि मी आणखी एक खाल्ला, मग आणखी एक. तिसरा चावताना मागून काहीतरी गोड आलं. मी थांबले. पुन्हा चावून बघितलं, पुन्हा आलं, हलकंसं. साखर तर आम्ही घालत नाही. मी प्रमिलाला विचारलं, "हे गोड कशाचं लागतं व?"

तिने पिशवी बांधता बांधता वरही बघितलं नाही.

"केयाचं व बाई. अजून कशाचं?"